लाल छपराची खूण

गुडघा ह्यांचा गेला आणि डोंगर माझाही बंद झाला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, चढउतार मात्र विसरा. हे घरी आले, स्टूल ओढलं, त्याच गुडघ्यानिशी त्यावर चढले आणि बुटांचे दोन्ही जोड माळ्यावर टाकून मोकळे झाले. दोन्ही. जणू लग्नात आम्ही गुडघेही निम्मे निम्मे वाटून घेतले होते.

काही आठवडे मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. माझं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिथे लोकांच्या पँटी आखूड करताना मी मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडायचे, आणि त्या नादात एका भल्या माणसाची पँट जरा जास्तच आखूड झाली. त्या संध्याकाळी मी घरी येऊन स्टूल घेतलं आणि माझा जोड खाली काढला.

हे खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "एकटीला वाट सापडायची नाही तुला."

"मग इतकी वर्षं मी काय डोळे मिटून चालत होते?"

"माझ्या मागून चालत होतीस."

मला संताप आला, कारण ते खरं असेल अशी शंका माझ्याही मनात होती. बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला. वाट चुकून परत आलीस तर दोन्ही जोड कुणाला तरी देऊन टाकायचे, पुन्हा विषय काढायचा नाही, असं हे म्हणाले. मी तिरमिरीत हो म्हणून बसले. लेकीचा फोन आला तेव्हा तिने आधी मला समजावलं, मग बाबांना, आणि शेवटी कंटाळून म्हणाली, तुम्ही दोघं काय वाट्टेल ते करा.

आमची चालायची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. हे जन्मभर बस चालवत होते. डेपोत ह्यांना 'ब्रेकमास्तर' म्हणत. त्यामुळे चढताना हे पुढे, कारण ड्रायव्हर पुढेच बसतो. उतरताना मी पुढे आणि हे मागे, कारण ह्यांच्या मते उतारावर वजन मागे हवं, म्हणजे मी घसरले तर हे माझी सॅक धरून मला थोपवणार. डोंगरात फिरणारे लोक नेमकं उलट करतात, हे मी ह्यांना कितीदा तरी ऐकवलं होतं. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "त्यांनी कधी बस चालवली आहे का?"

तर शनिवारी सकाळी मी एकटीच निघाले. मी बूट घालत होते तेव्हा हे पेपरात डोकं घालून बसले होते. चढावरच्या मोठ्या दगडापाशी कुठे वळायचं ते विचारावं असं फार मनात आलं, पण जीभ रेटेना. ह्यांनीही आपण होऊन काही सांगितलं नाही. दोघंही सारखेच हट्टी, म्हणून तर संसार टिकला.

शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरले, लोखंडी फाटक ढकललं, ओढा ओलांडला. झाडी होती तोवर वाट एकच होती आणि मी अगदी ऐटीत चालले होते. झाडी संपली आणि समोर उघडा, गवताळ चढ आला. तिथे माझ्या लक्षात आलं की हा चढ मी कधी पाहिलेलाच नाही. मला आठवत होत्या त्या ह्यांच्या टाचा. उजव्या बुटाची झिजलेली कड आठवत होती. हे कुठे थांबून नाक शिंकरायचे, कुठे सॅकचा पट्टा वर ओढायचे, सगळं पाठ होतं. पण पट्टा वर ओढल्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे, ते काही केल्या आठवेना.

मोठ्या दगडापाशी वाटांचं जाळंच होतं. मेंढ्या जिथून जातात तिथे वाट पडते आणि मेंढ्यांना माथ्यावर काही काम नसतं. मी त्यातली सगळ्यांत रुंद वाट धरली. ती बराच वेळ छान चालली आणि मग पाणथळीत जाऊन बुडाली. तिच्या मागोमाग मीही बुडाले, घोट्यापर्यंत. वरून धुकं खाली सरकत होतं. एका दगडावर बसून मोजा पिळला आणि मला रडू आलं. भीतीने नाही. ह्यांचं म्हणणं खरं ठरलं म्हणून, आणि आता दोन्ही जोड कुणाच्या तरी पायात जाणार म्हणून. माझा डोंगर माझ्याच तोंडाने मी घालवला होता.

परत फिरायचं ठरवून उठले आणि दरीकडे तोंड केलं. खाली तळं होतं, त्याच्या कडेने रस्ता, लांबवर आमचं गाव. काहीतरी खटकलं. गाव होतं, पण डेपोचं लाल छप्पर नव्हतं. उतरताना ते लाल छप्पर माझ्यासमोर असतं, दोन टेकाडांच्या मधल्या खाचेत अगदी बरोबर बसलेलं, काजात बटण बसावं तसं. दर वेळी ते दिसलं की मी मनात म्हणते, चला, आता चहा लांब नाही. आणि इथून खाचेत छप्पर नव्हतं, नुसतं गवत होतं.

मी जागच्या जागी उभी राहिले. चढायची वाट मला येत नव्हती हे खरं. पण उतरायची येत होती. उतरताना पुढे मी असायचे आणि माझ्यापुढे कुणाच्या टाचा नसायच्या.

मग मी दरीवरची नजर न काढता आडवी चालू लागले. धुकं पूर्ण खाली यायच्या आत ते छप्पर सापडायला हवं होतं. टेकाडं हळूहळू सरकली, खाचेच्या कडेला लाल रंग दिसला, मग अर्धं छप्पर आणि मग पूर्ण. खाली पाहिलं तर पायाखाली मळलेली वाट होती. मी मोठ्याने हसले, दोन मेंढ्या बिचकून पळाल्या.

पुढचा सगळा डोंगर मी असाच चढले. जिथे शंका आली तिथे माथ्याकडे पाठ करायची आणि स्वतःला विचारायचं, इथून मी कधी उतरले आहे का? शिवण कुठे चुकली ते कळत नसेल तर आम्ही कपडा उलटा करून बघतो, तसंच हे. वेळ खूप गेला. पण वाट परत चुकली नाही.

माथ्याच्या अलीकडे धुकं फाटलं आणि दगडांची रास असलेला तो टोकाचा भाग समोर उभा राहिला. इतका देखणा चढ आहे तो, आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. एरवी तिथे माझ्यासमोर ह्यांची सॅक असायची. वर पोचले, वाऱ्यात बसले, डबा उघडला. जिंकल्याचा आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं. ज्याला सांगायचं होतं, त्यालाच तर मी हरवलं होतं. मला ह्यांची फार आठवण आली.

उतरताना निर्धास्त होते. ही तर माझी वाट. भुसभुशीत खडीच्या उतारावर आले आणि पाय सटकला. दणकन बसले, थोडी घसरले, तळहात सोलवटला. फार लागलं नाही. पण पाय सटकल्याच्या क्षणी पाठीवर सॅक ओढली जाईल म्हणून मी वाट पाहिली होती. ती ओढली गेली नाही. मी मागे वळून पाहिलं. मागे खडी होती.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. हे खिडकीपाशीच होते, पण पेपर सकाळच्याच पानावर उघडा होता. मी बूट काढत म्हटलं, माथ्यावर जाऊन आले.

ह्यांनी पेपराची घडी केली. मग तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, मोठ्या दगडापाशी कुठे वळलीस? मी सगळं सांगितलं. पाणथळ, मोजा, टेकाडं, आणि खाचेत बसलेलं डेपोचं लाल छप्पर.

"कुठलं छप्पर?"

"अहो, तुमच्या डेपोचं. अख्खी नोकरी त्याच्याखाली काढलीत."

"ते वरून दिसतं?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण चेहरा थट्टेचा नव्हता. मी म्हटलं, उतरताना सारखं डोळ्यांसमोर असतं, तुम्ही काय बघत होतात?

"तुझे पाय," हे म्हणाले.

 मी हात धुवायला म्हणून उठले, तेव्हा ह्यांना सोलवटलेला तळहात दिसला.

"खडीवर पडलीस."

"घसरले जरा."

"तिथे तू डावा पाय आधी टाकतेस. नेहमीच. मी सॅकवर हात ठेवूनच असायचो." ह्यांनी माझा तळहात उजेडाकडे वळवला. "पुढच्या वेळी उजवा टाक."

पुढच्या वेळी. मी ते ऐकलं आणि ऐकल्याचं अजिबात दाखवलं नाही. हात धुऊन आले तर हे खाली वाकून, गुडघा जपत, माझे बूट उचलत होते. जुनं फडकं घेऊन त्यांनी चिखल पुसायला घेतला. टाचेपाशी जरा जास्तच वेळ लावला.

"माझेही काढ खाली," माझ्याकडे न बघता म्हणाले. "तेल लावून ठेवतो. नुसतं पडून राहिलं की कातडं तडकतं."

मी स्टूल घेतलं आणि माळ्याकडे गेले.