गबऱ्याच्या गळ्यातले लोढणे

मी एक जुना बाभळीचा दांडका आहे. दीड वीत लांब, एका टोकाला भोक. मित्रांनो, अंगावर धावणाऱ्या जनावराच्या गळ्यात मला दोरीने अडकवतात. ते पळू लागले की मी त्याच्या पुढच्या पायांवर आपटतो. म्हणून मला लोढणे म्हणतात.

निजामाचे राज्य जाऊन चार वर्षे झाली होती. ताडकळसजवळच्या रानात ग्यानबा धनगराने मला तासले ते गबऱ्यासाठी. गबऱ्या म्हणजे धनगरी जातीच्या कुत्र्याचे थोराड हाडाचे पिल्लू. राखणीचे पिल्लू मेंढरांतच वाढवायचे, परक्या माणसाचा हात त्याला लागू द्यायचा नाही, अशी ग्यानबाच्या घरची रीत. त्यामुळे गबऱ्याला कोकरे भावंडांसारखी वाटत. माणसे मात्र त्याला दोनच ठाऊक होती: ग्यानबा आणि त्याची बायको बानूबाई. सहाव्या महिन्यात त्याची पाठ ग्यानबाच्या मांडीपर्यंत आली, आणि तिसरे माणूस दिसले की तो धावून जाऊ लागला.

त्या वर्षी व्यंकटरावांच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवली होती. त्याबदल्यात मिळणाऱ्या ज्वारीवर ग्यानबाचे घर चाले. एका सकाळी व्यंकटरावांची आई कस्तुराबाई विहिरीकडे निघाली. गबऱ्या सुटला. मी त्याच्या गुडघ्यांवर आपटत राहिलो, तरी त्याने म्हातारीला पाडलेच.

व्यंकटराव तरातरा आले. "कुत्रं हलीव, न्हाईतर मेंढरं हलीव."

"याहून जड लोढणं घालतो, मालक," ग्यानबा म्हणाला.

"आन् माझ्या आईच्या गळ्यात काय घालू? घंटी?"

बानूबाई पुढे झाली. "एक महिना द्या, मालक. म्या शिकवते त्याला."

ते गेल्यावर ग्यानबा हसला. "कुत्र्याची शाळा काढायलीस का?"

"काढते. तुमी बी बसा पुढच्या वळीत."

ती रोज गबऱ्याला घेऊन बाजाराच्या वाटेशेजारी बसे. ऐंशी पावलांवरून तो नुसता बघे, सत्तरवर गुरगुरे. म्हणून ती ऐंशीवरच बसे. सायकल जाई, छत्री जाई, डोक्यावर पाटी घेतलेली बाई जाई. तो गप्प राहिला की भाकरीचा तुकडा मिळे. चार दिवसांनी सत्तर पावले, मग साठ.

तो रागीट आहे असे मला आधी वाटे. पण मी त्याच्या छातीशी लोंबत होतो. माणूस दिसले की त्याचे काळीज कोकरासारखे धडधडे. तो भीत होता! मी पाय अडवू शकत होतो. भीती कशी अडवणार?

एका बाजारच्या दिवशी बानूबाईने घाई केली आणि त्याला तीस पावलांवर नेले. तो बिथरला, दोरी तिच्या हातातून ओढली गेली, तळवे सोलवटले. तिने त्याला मारले नाही. दुसऱ्या दिवशी हाताला चिंधी गुंडाळून ती पुन्हा ऐंशी पावलांवर जाऊन बसली, आणि तिथून पुन्हा थोडी थोडी जवळ सरकत गेली.

महिना भरला. कस्तुराबाई काठी टेकत शेतात आली, मागे व्यंकटराव. बानूबाई माझी गाठ सोडू लागली.

"लोढणं राहू दे की," ग्यानबा घाबरून म्हणाला.

"लोढणं असलं तर ह्यो थांबला का लोढण्यानं थांबवला, कसं कळंल?"

"सोड गं," कस्तुराबाई म्हणाली. "पडले तर या बारीला दुसऱ्या कुशीवर पडंन."

मला बांधावर ठेवले. गबऱ्या उठला. आता त्याचे काळीज मला ऐकू येत नव्हते. तो दहा पावलांवर थबकला. म्हातारीने, बानूबाईने सांगितल्याप्रमाणे, हात खाली सोडून नजर बाजूला वळवली. तो सावकाश जवळ आला, बोटे हुंगली, लुगड्याचा काठ हुंगला. मग वळून तिच्या पुढे चालू लागला. मेंढरे बाजूला सरली, आणि कस्तुराबाई विहिरीपर्यंत गेली.

"मेंढरं राहू द्या," व्यंकटराव म्हणाले.

"आन् कुत्रं?" बानूबाईने विचारले.

"त्ये बी."

मला पुन्हा कुणी उचलले नाही. आज मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू आहे, आणि एका कडेने वाळवी लागली आहे. मित्रांनो, पिल्लू लहान आहे तोवरच त्याला माणसे दाखवा, लांबून, सावकाश. ते गुरगुरले तर त्याला मारू नका, चार पावले मागे सरून बसा. मला शोधत मात्र येऊ नका. हे दार मला पुरे आहे.