अबोलीवर तपकिरी

साधनाला भूगावातल्या एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात नोकरी लागून आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत तिचा नवरा कैलास सकाळी साडेआठ ते नऊ घरात थांबायचं टाळायला लागला होता. त्या वेळात साधना तयार व्हायची. कुर्ता घालून झाला की कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ती तीन बॅगा काढायची. एक काळी, एक तपकिरी, एक मरून. त्या पलंगावर ओळीनं मांडायची आणि दोन पावलं मागं सरून बघत राहायची. मग त्यातल्या दोन उचलून वरच्या मजल्यावर जायची.

वरच्या मजल्यावर ऋषिकेश आणि ऋतिका हे जोडपं भाड्यानं राहत होतं. दोघं नांदेडकडचे, दोघंही कंपनीत. बॅगांचं हे वेड ऋतिकानंच साधनाला लावलं होतं. पहिल्या महिन्यात साधना माहेरची एक झगझगीत पर्स खांद्याला लावून कामावर जायची. त्यात माहितीपत्रकं दुमडली जायची. गिऱ्हाइकाच्या हातात सुरकुतलेला नकाशा द्यायला तिला लाज वाटायची. ऋतिकानं तिला सांगितलं होतं, "ताई, कागद सपाट राहील एवढी मोठी बॅग घ्या, आणि पट्टा लांब घ्या, म्हणजे साइट दाखवताना हात मोकळे राहतात. कपडे फुलाफुलांचे असले तर बॅग एकरंगी. आणि चप्पल न् बॅग एका घरातल्या वाटल्या पाहिजेत."

कैलासला हे सगळं ठाऊक होतं, कारण साधना ते सासूला सांगत असताना त्यानं ऐकलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रस्त्याकडची जमीन त्यांनी सहा वर्षांपूर्वी विकली. उरलेल्या जागेत तीन मजली इमारत बांधली. खाली आपण, वर भाडेकरू. आता कैलासला काम म्हणजे सकाळी मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची आणि टँकर आला तर पाइप धरायचा. जमिनीचा व्यवहार चालू होता ती दोन वर्षं मात्र त्याचा थाट निराळा होता. पांढरा कडक शर्ट, काळे बूट आणि हातात नंबरच्या कुलपाची काळी ब्रीफकेस. पौडच्या कचेरीत शिपाईसुद्धा त्याला खुर्ची द्यायचा. ब्रीफकेस अजून कपाटावर होती. आत सातबाऱ्याच्या झेरॉक्स होत्या, आणि त्या आता कुणाला नको होत्या.

ऋतिका बहिणीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेली, त्या आठवड्यातली गोष्ट. सोमवार होता. कैलास जिन्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी बसला होता. वरून दार उघडल्याचा आवाज आला, मग साधनाचा.

"ऋतिकाचा फोन लागत नाही. तिला फोटो पाठवलाय. तिनं सांगितलं तर मला कळवाल का?"

"दाखवा की वहिनी," ऋषिकेश म्हणाला. तो सोमवारी घरूनच काम करायचा. "काळी नको. या अबोली रंगावर ती तपकिरी घ्या. काळीनं सगळं जड दिसतंय."

"खरंच?"

"आरशात बघा."

मग साधना हसली. तसं काही मोठ्यानं हसली नाही. पण घरात हसते त्यापेक्षा ते हसू वेगळं होतं, एवढं कैलासला नक्की कळलं. ती तपकिरी बॅग खांद्याला लावून जिना उतरली. व्हॉल्व्हपाशी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "जेवान झाकून ठेवलंय," आणि गेली.

टाकी भरून पाणी वाहायला लागलं तरी कैलासनं मोटर बंद केली नाही. शेवटी त्याची आई धोंडाबाई ओरडली तेव्हा तो उठला.

त्या दिवसापासून तपकिरी बॅग दिसली की तो नजर दुसरीकडं वळवायचा. मंगळवारी साधनानं निळा कुर्ता घातला आणि तपकिरीच घेतली. बुधवारीही तीच. ऋषिकेश जिन्यात भेटला, "कैलासदादा, पाण्याचं प्रेशर कमी आहे का?" म्हणाला, तर कैलासनं त्याच्याकडं न बघता "बघतो" एवढंच सांगितलं. माणूस सरळ होता, भाडं वेळेवर देत होता, कधी आवाज नाही. त्यामुळं रागाला धरायला जागा मिळत नव्हती, आणि राग जास्तच येत होता.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात सलत होती. साधना फाटकाबाहेर पडली की बोलणंच बदलायची. घरात 'हाय' म्हणणारी बाई फोनवर 'आहे' म्हणायची. पौडला बारावीच्या पुढं शिकली होती ती, तिला ते जमत होतं. कैलासला कचेरीत जाऊनजाऊनही जमलं नव्हतं.

"काय रं, तोंड का असं?" धोंडाबाईनं विचारलं.

"कुटं काय."

"बायकू कामाला जाती त्याचं वाईट वाटतंय का?"

"न्हाई."

"मग बायकूचं न्हाई, कामाचं वाटत आसंल," म्हातारी म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

शुक्रवारी सकाळी साधना अंघोळीला गेली असताना त्यानं कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तपकिरी बॅग हातात घेतली. ती वजनाला हलकी होती आणि तिला साधनाच्या हाताला लावायच्या क्रीमचा वास होता. कुठं ठेवावी हे आधी ठरवलं नव्हतं. त्याची नजर वर गेली. ब्रीफकेस खाली काढून त्यानं झेरॉक्स गादीखाली सारल्या, बॅग आत घातली आणि गुडघ्यानं दाबून झाकण लावलं. नंबर फिरवले. ब्रीफकेस परत कपाटावर ठेवली आणि मोटरीपाशी जाऊन बसला.

साधनानं सगळं घर शोधलं. कपाट, पलंगाखाली, स्वयंपाकघर, गाडीची डिकी.

"काल हितंच ठेवली व्हती. तुमी बघितली का?"

"मी कशाला बघू. दुसरी घे की."

"दुसरीचं काय न्हाई. त्यात माझं कार्ड हाय, आन सँपल फ्लॅटची चावी. काल मीच कुलूप लावलंया. धा वाजता माणसं येणार हायेत, बावधनवरनं."

चावीचं कैलासला ठाऊक नव्हतं. तो सांगू शकला असता. तोंड उघडलंही त्यानं, पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरून ऋषिकेशनं वाकून विचारलं, "काय झालं वहिनी? ऑफिसला सोडू का?" आणि कैलासनं तोंड मिटलं.

"नको, जाते मी," साधना म्हणाली. मरून आणि काळी दोन्ही रिकाम्या पडल्या होत्या, पण तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाजीची कापडी पिशवी उचलली, त्यात डबा टाकला आणि स्कूटीवर बसून गेली.

घर शांत झालं. कैलासनं ब्रीफकेस काढली, कुलूप उघडलं. बॅग दबून चपटी झाली होती. ती उघडून तो एक एक वस्तू पलंगावर ठेवू लागला. काय सापडेल अशी त्याला आशा होती हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सापडलं ते असं: मोजपट्टी, माहितीपत्रकांचा गठ्ठा, गोळ्यांची पाकिटं, अर्धी चिक्की, लाल दोरा बांधलेली चावी आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र. ओळखपत्रावरच्या फोटोत साधना सरळ समोर बघत होती. त्या नजरेनं तिनं कैलासकडं कधी बघितलं नव्हतं. फोटोतल्या बाईला घाबरायचं काही कारण नव्हतं आणि कुणाची परवानगीही घ्यायची नव्हती.

पावणेदहा झाले होते. त्यानं सगळं परत भरलं आणि बॅग मोटरसायकलच्या हँडलला अडकवली. नाक्यावर दोन ओळखीची पोरं हसल्यासारखी त्याला वाटली, म्हणून त्यानं बॅग पोटाशी, शर्टाच्या आत घेतली.

ऑफिस त्यांच्याच जुन्या जमिनीवर होतं. सहा वर्षांत कैलास तिथं एकदाही गेला नव्हता. गाडी लावून त्यानं शर्टातून बॅग बाहेर काढली. इमारतीच्या सावलीत साधना उभी होती, समोर एक नवरा-बायको आणि त्यांची म्हातारी आई. सँपल फ्लॅटला कुलूप होतं, म्हणून साधना त्यांना बाहेरच बोलण्यात गुंतवून ठेवत होती. तिचा आवाज खणखणीत होता.

"इथं खालच्या अंगाला विहीर होती. बारमाही. मे महिन्यात आसपासच्या वाड्यांतली माणसं इथं पाण्याला यायची, आणि मालकांनी कधी कुणाला अडवलं नाही. जमिनीखालचं पाणी अजून तसंच आहे."

कैलास जागीच थांबला. ही विहिरीची गोष्ट त्यानंच तिला सांगितली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, त्याच विहिरीच्या काठावर बसून. वडील असं करायचे, हे त्यानं अभिमानानं सांगितलं होतं. आता ती गोष्ट फ्लॅट विकत होती, आणि छान विकत होती.

साधनाचं लक्ष गेलं. तिनं आधी बॅग बघितली, मग त्याच्याकडं बघितलं. पुढं येऊन बॅग घेतली, चावी काढली.

"हे कोण?" म्हातारीनं विचारलं.

साधनानं चावी मुठीत घेतली. "हेच ते मालक," ती म्हणाली. "म्हणजे त्यांचे चिरंजीव. जमीन यांचीच होती."

"असं होय? मग तुम्हीच सांगा," तो गृहस्थ कैलासला म्हणाला, "पाणी खरंच टिकतं का?"

कैलासला वाटलं, म्हणावं की मी हिचा नवरा आहे. पण साधनानं दार उघडलं होतं आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"टिकतं," तो म्हणाला.

माणसं आत गेली. साधनानं बॅग खांद्याला लावण्याआधी एकदा उलटीपालटी केली. समोरच्या बाजूवर आडवा वळ उठला होता, ब्रीफकेसच्या कडेचा, सरळ पट्टीनं आखल्यासारखा. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि आत गेली.

संध्याकाळी ती मेथी निवडत बसली. धोंडाबाई देवळात गेली होती. कैलास उंबऱ्यावर बसला.

"ब्रीफकेसमधी कोंबली व्हती न्हवं?" साधनानं मान वर न करता विचारलं.

"व्हय."

"का?"

"त्यो वरचा तुला सांगतुया कुठली घ्यायची, आन तू घेतीया."

"त्यानं रंग सांगितला. ऋतिका घरात न्हवती. तुमास्नी काय वाटलं?"

"तसलं काय न्हाई." ते पुरतं खरं नव्हतं. "मला कधी इचारलं न्हाईस."

"त्या टायमाला तुमी घरात आस्ता कुटं? मोटरीपाशी जाऊन बसता."

कैलास म्हणाला, "तू रोज सकाळी तयार हून कुटंतरी जातीया. मला जायाला जागा न्हाई. ते बघवत न्हाई मला."

साधनाचे हात थांबले. मग तिनं जे सांगितलं ते कैलासला अपेक्षित नव्हतं.

"सायब दोनदा म्हणाले, तुमच्या मिस्टरांना साइटवर घेऊ, त्यास्नी जुन्या हद्दी ठाव्या हायेत. मीच नको म्हणाले."

"तू?"

"मी. तितं मला साधना मॅडम म्हणत्यात. तुमी आला की मी परत धोंडाबाईंची सून. तेवढी जागा माझी मला पायजे व्हती."

"म्हणून मालक म्हणून वळख करून दिलीस."

"मग काय सांगू? माझी बॅग लपवून ठिवली त्यो ह्यो माझा नवरा?"

कैलासला राग आला, पण तो फार वेळ धरता येईना. तिनं स्वतःसाठी जी जागा राखून ठेवली होती, तीच त्यानं मागितली असती तर दोघांपैकी एकालाच ती पुरली असती, एवढं त्याला दिसत होतं. तो म्हणाला, "चुकलं माझं." साधनानं मेथी धुवायला घेतली.

ऋतिका परत आली त्या दिवशी तिन्ही बॅगा कपाटातून गेल्या. साधनानं त्या वर ऋतिकाच्या घरी नेऊन ठेवल्या. सकाळी ती मोकळ्या हातानं जिना चढायची आणि बॅग घेऊन उतरायची. ऋतिकाला सगळं कळलं असावं. ती कैलासशी पूर्वीसारखीच बोलायची, फक्त जरा जास्तच सांभाळून. कैलासला ते भांडणापेक्षा जड गेलं.

एकदा धीर करून त्यानं साधनाकडं तपकिरी बॅग मागितली आणि पिरंगुटच्या बाजारात विश्रामकडं घेऊन गेला. विश्राम चपला आणि बॅगा दुरुस्त करायचा. त्यानं वळावर बोट फिरवून बघितलं.

"कातडं न्हाई हे, रेक्झिन हाय. ह्याची घडी जात न्हाई. वरनं पॉलिश मारलं तर दोन दिस दिसणार न्हाई, मग परत."

"मग नको मारू," कैलास म्हणाला. त्यानं बॅग तशीच परत आणून दिली आणि विश्राम काय म्हणाला ते साधनाला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकून घेऊन "बरं" म्हणाली. नंतर ती बॅग वापरताना वळाची बाजू अंगाकडं ठेवायला लागली.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा धोंडाबाईनं सुनेला हटकलं. "आपल्या वस्तू भाडेकऱ्याच्या घरात कशाला? लोक काय म्हणतील?" साधनानं त्यावर वाद घातला नाही. त्याच दुपारी बॅगा खाली आणल्या आणि कप्प्यात ठेवल्या. कैलास समोरच खिडकीची जाळी पुसत होता. कप्प्याला कुलूप लावायची सोय होती, पण तिनं ते लावलं नाही.

हेवा गेला असं नाही. ती गाडी काढायची तेव्हा त्याला अजून सलायचं. फक्त आता तो त्या वेळेला मोटरीपाशी न जाता घरातच थांबायचा, चहाचा कप हातात घेऊन. एका सकाळी साधनानं हिरवा कुर्ता घातला, बॅगा पलंगावर मांडल्या आणि दोन पावलं मागं सरली. तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"मरून घे," कैलास म्हणाला.

साधनानं त्याच्याकडं बघितलं. मग बॅगांकडं. मरून हातात घेऊन कुर्त्याला लावून बघितली, खाली ठेवली आणि काळी उचलली.

"जाते मी," ती म्हणाली.

कैलास दारापर्यंत गेला. फाटकाबाहेर तिनं स्कूटी वळवली, बॅगेचा पट्टा सरळ केला. हिरव्यावर काळीच शोभत होती.