आबांचे कान आणि माझा आवाज

मित्रांनो, त्या रविवारी सारं नेहमीसारखंच होतं. राजारामपुरीतल्या घरात आबा चहाची बशी घेऊन माझ्यासमोर बसले होते. मी त्यांचा जुना पियानो. तारा खऱ्या, हातोड्या खऱ्या. पण पोटात बसवलेल्या, मोबाइलवरून चालणाऱ्या यंत्रामुळे आपोआप वाजणारा.

आबा शाळेत संगीत शिकवायचे. लकव्यानं उजवा हात जाण्याआधी त्यांनी माझ्यावर वाजवलेल्या धुना त्या यंत्रात साठवल्या होत्या. पाहुण्यांना ते ऐटीत सांगायचे, हात गेला तरी वाजवणं ऱ्हायलंय की.

त्यांच्या मुलीवर, निशिगंधावर, मात्र माझा विश्वास नव्हता. शेजारच्या क्लासच्या बाई माझ्या आवाजाची तक्रार करून गेल्यापासून तिची नजर बदलली होती. आधी तिनं माझं तारांवरचं झाकण बंद केलं, मग पाठीमागे गोधडी कोंबली. आबांची पाठ वळली की ती मोबाइल काढून माझा आवाज आणखी उतरवायची. नक्की मला विकायचा बेत असणार, असं मला वाटायचं.

आवाज फारच उतरवला की माझी हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. पट्टी दबते, स्वर उमटत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं.

त्या दिवशी आबा माझ्या पट्ट्यांकडे एकटक बघत होते. बशीतला चहा निवला. मग ते हळूच म्हणाले, "निशा, पट्टी हालताना दिसतीया, पर ऐकू येत न्हाय. कान गेलं बघ माझं."

तिनं मोबाइल मुठीत झाकला. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, एवढंच म्हणाली.

पहाटे आबा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर तिनं माझे सूर लावणाऱ्या शमशुद्दीनचाचांना बोलावलं. काही पट्ट्या मुक्या झाल्यात म्हणाली. विकण्याआधीची डागडुजी, मी मनात म्हटलं. चाचांनी माझं पोट तपासलं, तिचा मोबाइल मागून घेतला आणि हसले.

"बिघाड कसला, पोरी? आवाज लई बारीक ठिवलाय. हातोडी तारंला लागंना."

चाचा गेले, तरी ती तिथंच उभी होती. मग तिनं गोधडी ओढून काढली, झाकण उघडलं, आवाज वाढवला. आबांची धून एकही स्वर न गाळता घरभर वाजली. माझा संशय तिथंच गळून पडला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, सूर लावून घ्या. आवाजही खुशाल कमी करा. पण ऐकणाऱ्याला सांगून करा.

धून संपली. निशिगंधा आबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"आबा, तुमचे कान चांगले होते. आवाज मी कमी करत होते."