शिवकन्येची तहकूब सभा

सुंदरराव आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि घरातही ते चेअरमनच होते. त्यांच्याकडे वासराचं नाव ठेवायचं असलं तरी सूचक आणि अनुमोदक लागत. संडासाचं दार आत उघडावं की बाहेर, यावर त्यांच्या ओसरीत सभा झाली आणि एकमत न झाल्याने पुढे ढकलली गेली. पुढच्या सभेपर्यंत सुताराने दार बसवून टाकलं होतं. सभेने त्याला कार्योत्तर मंजुरी दिली.

या सगळ्याची इतिवृत्तं मी लिहीत असे. मी त्यांचा शेजारी, चौसाळ्याच्या वाचनालयातून निवृत्त झालेला. माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. यातल्या कुठल्या गुणामुळे माझी नेमणूक झाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकर येत होता. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. सुंदररावांचा थोरला मुलगा राधाकिशन आणि त्याची बायको मनकर्णा जनावरं घेऊन चारा छावणीवर राहायला गेली होती. घरी उरले होते सुंदरराव, त्यांच्या पत्नी छबुबाई, धाकटा गहिनीनाथ आणि त्याची बायको शिवकन्या. गहिनीनाथ दूध सोसायटीच्या केंद्रावर कामाला होता. दूध जवळजवळ बंद झालं होतं, तरी तो वेळेवर जाऊन रिकाम्या कॅनांशेजारी बसे. शिवकन्या चौसाळ्यात ब्लाउज शिवायची. तिची दोन्ही मुलं सुट्टीला आजोळी, गेवराईला गेली होती.

शिवकन्येच्या मनात छातीचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. दुखणं नव्हतं, गाठ नव्हती. दोन्ही मुलांना अंगावर पाजून झाल्यावर स्तन ओघळतात तसे तिचे ओघळले होते आणि ते तिला पुन्हा पूर्वीसारखे हवे होते, एवढंच. औरंगाबादच्या एका डॉक्टरीणबाईंना ती भेटून आली होती. खर्च तिच्या शिवणकामातला, त्यामुळे त्यावर कुणाला बोलता येत नव्हतं. येणार की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिचं तिने ते ठरवलंही असतं. अडचण एवढीच होती, की ऑपरेशननंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही आणि हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, असं बाईंनी बजावलं होतं.

म्हणजे हंडा नाही. त्यामुळे विषय सभेपुढे आला.

नोटीस लिहायला सुंदररावांनी मला बोलावलं. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हे त्यांनी सहज सांगितलं. विषय क्रमांक दोनला ते थांबले. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, मी टाकाच्या निबेकडे पाहिलं. शेवटी, तुमचं वाचन आहे, तुम्हीच शब्द घाला, असं ते म्हणाले. मी लिहिलं, ‘सौ. शिवकन्या यांची शस्त्रक्रिया व त्या काळातील पाणी.’ त्यांनी वाचलं आणि मधला अवघड भाग खोडून टाकला. उरलं, ‘सौ. शिवकन्या व पाणी.’ ते त्यांना पसंत पडलं. विषय क्रमांक तीन, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आणि खाली सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीत असते ती ओळ: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.

या ओळीवर सोसायटी चालत असे. दरवर्षी सभासद जमत, कोरम नाही म्हणून सभा तहकूब होई, सभासद चहाला जात. मग अर्ध्या तासाने सुंदरराव आणि मी, दोघेच, वर्षाचा सगळा कारभार एकमताने मंजूर करत असू. कायदेशीर होतं ते.

विषयाची थोडी तयारी असावी म्हणून मी वाचनालयातून घरगुती वैद्यकाचं एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. त्यात बाळंतिणीचा आहार होता, हळीव होते, शतावरी होती, दूध वाढवण्याचे उपाय होते. दूध तुटल्यावर आईचं पुढे काय, यावर काही नव्हतं. पुढचं प्रकरण बाळाच्या दातांचं होतं.

सभा दुपारी ओसरीत भरली. सुंदरराव टोपी घालून बाजेवर बसले. छबुबाई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होत्या. शिवकन्या खांबाला टेकून बसली होती आणि गहिनीनाथ उंबऱ्यापाशी, एक पाय बाहेर ठेवून.

चर्चा बराच वेळ चालली आणि ती पूर्णपणे हंड्यावर चालली. गहिनीनाथने हंड्यांसाठी चाकांचा गाडा करावा असं सुचवलं. तो ढकलणार कोण, असं सुंदररावांनी विचारल्यावर त्याने उपसमिती नेमावी असं सुचवलं. छावणीवरून राधाकिशनचा फोनवर निरोप आला होता: इथं जनावरांना जागेवर पाणी मिळतं, तर शिवकन्येला सहा आठवडे इकडंच पाठवून द्या. सुंदररावांनी ही सूचना गांभीर्याने नोंदवून घ्यायला लावली. मी नोंदवली. शिवकन्येने माझ्या टाकाकडे पाहिलं, तेव्हा मला ती ओळ थोडी बारीक अक्षरात लिहावीशी वाटली.

हंडा संपल्यावर सुंदरराव कारणाकडे वळले.

“पर मुळात कावून? ठरावाला कारण लागतं. दुखतं का?”

“न्हाई,” शिवकन्या म्हणाली.

“डाक्टरनं सांगितलं का, की करावंच लागतंय?”

“न्हाई.”

“मंग गहिनीनाथ, तू काय म्हनलास का तिला?”

गहिनीनाथ उठला. केंद्रावर दुधाचं फॅट तपासायची वेळ झाली, असं उंबऱ्याला सांगून तो निघून गेला. त्या दिवशी केंद्रावर दूध येणार नव्हतं, हे ओसरीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

सुंदररावांनी डोकी मोजली. घरच्या सहा सभासदांपैकी तीन, आणि कोरमला चार लागत. मला त्यांनी मोजलं नाही. मी निमंत्रित होतो. कोरम नाही म्हणून त्यांनी सभा अर्धा तास तहकूब केली, घड्याळ काढून बाजेवर ठेवलं आणि जिचा विषय आहे तिने सभेची जागा सोडायची नाही, असा नियम सांगितला. हा नियम मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. तोंडावर तसं म्हणायचं धैर्य झालं नाही.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

छबुबाईंनी सूप ठेवलं. शिवकन्या सवयीने उठून हंड्यांच्या उतरंडीकडे गेली.

“तू बस,” सुंदरराव म्हणाले. “सभा हाय.”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गहिनीनाथही नाही. गल्लीत टँकरची नळी कुणासाठी थांबत नसे. छबुबाई हंडे घेऊन बाहेर पडल्या होत्या. सुंदररावांनी एक हंडा उचलला, परक्याचं लेकरू धरावं तसा अंगापासून लांब धरला आणि ते गेले.

ओसरीत शिवकन्या, मी आणि घड्याळ. बाहेरून भांड्यांचा आणि भांडणाचा आवाज येत होता. मी घड्याळाकडे पाहत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते कळत नव्हतं.

“आप्पा, अर्धा तास झाला,” शिवकन्या म्हणाली. “सुरू करा.”

अध्यक्ष नाहीत, मी म्हणालो.

“अध्यक्ष नसला की हजर असलेल्यांतून निवडायचा. लग्न होऊन आले तवापासून ऐकतेय मी, आतून.”

हजर असलेल्यांत सभासद एकच होती. तिने स्वतःची निवड केली आणि सासऱ्यांच्या बाजेवर, पायथ्याकडे, टेकली. मी टाक शाईत बुडवला.

मग ती बोलली. व्रण कायम राहतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. स्पर्श थोडा कमी होऊ शकतो. वयानं छाती पुन्हा उतरेल, तेही सांगितलं होतं. सकाळी हे सगळं आठवलं की तिला वाटे, कशाला. दुपारी मशीनवर बसलं की वाटे, करावं. दुसऱ्यांचे ब्लाउज ती टक्स मारून नीट बसवत होती; स्वतःच्या ब्लाउजात मात्र आतून भर म्हणून कापडाच्या घड्या शिवत होती, आणि तेवढ्यामुळे तिला रोज अंगात चढवताना आपण कुणाला तरी फसवतोय असं वाटे.

“बायका म्हनत्यात, लेकरांनी नेलं ते नेलं. लेकरांनी नेलं त्याचं मला वाईट न्हाई, आप्पा. पर मी बी होते की तिथं.” मग तिने विचारलं, “तुमी एवढं वाचलंय. तुमचं काय म्हननं?”

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. मग तेवढ्यावर थांबणं बरं दिसेना, म्हणून पुस्तकाचं सांगितलं. की ते तिच्यापर्यंत येतं आणि तिथून एकदम दातांवर जातं. ती हसली. त्या आठवड्यात तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“लिहा,” ती म्हणाली. “शिवकन्येनं ऑपरेशन करून घ्यावं.”

मी लिहिलं. मग ठरावाचा नमुना असतो म्हणून विचारलं, “कारण?”

तिने दाराबाहेर पाहिलं. मला वाटलं, आता सगळंच खोडावं लागणार.

“इच्छा.”

“सभासदाची इच्छा, असं लिहू?”

“सभासदाची कशाला? शिवकन्येची.”

मी तसं लिहिलं. शाई वाळायच्या आत सुंदरराव आले. धोतर भिजलेलं, टोपी कुठेतरी गेलेली, हंडा अर्धा. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

“इच्छा हे कारण असतं व्हय?” त्यांनी मला विचारलं.

सोसायटीने चेअरमनसाठी फिरती खुर्ची घेतली तेव्हा ठरावात ‘अध्यक्षांची इच्छा’ असंच कारण होतं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मी ताबडतोब टोपण शोधू लागलो. टाकाला टोपण नसतं.

सुंदररावांनी कोरमचं पाहिलं, अट नव्हती. अध्यक्षाचं पाहिलं, निवड रीतसर होती. मग त्यांचं बोट एका रिकाम्या ओळीवर थांबलं.

“अनुमोदक कुठं हाय?”

अनुमोदक नव्हता. अनुमोदकाशिवाय ठराव पडतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. या सभेचा मी सभासद नव्हतो. शिवकन्या बाजेवरून उठली. तिने पदर सारखा केला आणि सुपातली ज्वारी घ्यायला वाकली, जशी काही सभा संपली होती.

“माझं नाव लिहा,” दारातून छबुबाई म्हणाल्या. डोक्यावर एकावर एक दोन हंडे होते, कमरेवर कळशी.

“तुला विषय तरी ठाव हाय का?” सुंदरराव म्हणाले.

“पाच लेकरं पाजली मी. विषय मला ठाव हाय.”

“आन् सहा आठवडे पानी कोन आनील?”

“आज कोनी आनलं?”

सुंदररावांनी आपल्या अर्ध्या हंड्याकडे पाहिलं. मी रिकाम्या ओळीवर छबुबाईंचं नाव लिहिलं. शिवकन्या हंडा उतरवायला पुढे गेली, तर छबुबाई मागे सरल्या.

“तू न्हाई. तू आतापासूनच न्हाई. तुमी उतरवा.”

सुंदररावांनी दोन्ही हातांनी वरचा हंडा उतरवला. पाणी त्यांच्या कोपरांवरून वाहिलं. हंडा पोटाशी धरून ते ओसरीच्या मधोमध उभे राहिले, एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर पाहिलं.

“ह्यो कुठं ठेवायचा?”

छबुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “हे ऐनवेळच्या विषयात घ्या.”