इनासची कळ

मत पहिलं: कोपरा कुणाच्या मालकीचा नसतो

"फोनचा कोपरा गोल केला म्हणून एक कंपनी दुसरीला कोर्टात खेचते. उद्या कुणी भाकरीच्या गोलाईवर हक्क सांगितला, तर आपण काय, चौकोनी भाकऱ्या खायच्या?"

वगदीनं हे म्हटलं की अलेक्झांड्रियातल्या मुहर्रम बे मोहल्ल्यातला कहवाखाना हसायचा. दर वेळी हसायचा. दिवसा वगदी पाणी कंपनीत बिलांच्या तक्रारी लिहून घ्यायचा आणि तिथं त्याला कुणी काही विचारत नसे. संध्याकाळी हुक्क्याच्या धुरात मात्र तो उस्ताज होता. सगळ्या फोनांना एकच चार्जर असावा का, विकत घेतलेला लॅपटॉप उघडायचा हक्क आपला की बनवणाऱ्याचा, चोरून उतरवलेला प्रोग्राम वापरणं पाप की गरज... प्रत्येकावर त्याचं मत तयार असायचं, तव्यावरून आत्ता काढल्यासारखं.

लोखंडी सामान विकणारा शौकी त्याला मुद्दाम खुराक पुरवायचा.

"उस्ताज, माझं छपाईयंत्र म्हणतं, शाई आमच्याच कंपनीची घाल, नाहीतर छापणार नाही. हे हराम नाही का?"

"हराम नाही रे शौकी, हरामखोरी आहे. कायद्यात दोन्ही वेगळ्या."

हेच सगळं वगदी फेसबुकवर स्वतः काढलेल्या गटात लिहायचा. तिथली गर्दी कहवाखान्यात मावली नसती.


मत दुसरं: जगासमोर मांडलं की ते तुमचं

हे त्याचं सर्वांत लाडकं. कुणी विचारलं, उस्ताज, मी अमुक एक वस्तू बनवलीय, चोरीला जाऊ नये म्हणून काय करू, की वगदी लिहायचा: "वकिलाच्या पायऱ्या झिजवू नका. फोटो काढा, चारचौघांत टाका. तारीख साक्षीला उभी राहते. तारखेला लाच देता येत नाही."

शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडायचं.


इनास

हिच्याबद्दल वगदीचं मत नव्हतं. बायकोबद्दल कुणाचं असतं?

इनास कॅम्प शेझारमध्ये, ट्रामच्या रुळांपलीकडे, वडिलांच्या टायपिंगच्या दुकानात विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध टाइप करून द्यायची. अर्धं पान अरबी, मध्येच इंग्रजी, पुन्हा अरबी. या शहरात संगणकापुढे बसलेल्या प्रत्येकाचं जे होतं, ते तिचंही व्हायचं. नजर हस्तलिखितावर, बोटं पळतायत, आणि मान वर केली की पडद्यावर 'अस्सलाम'च्या जागी एच-जी-एस-जी-एच-एल. भाषा बदलायची राहिली होती. परिच्छेद गेला. लोक शिवी घालतात आणि पुन्हा टाइप करतात. इनासनंही शिवी घातली, पण मग ती विचार करत बसली.

कळफलकावर दोन कळांना बारीक उंचवटा असतो, बोटांना जागा सापडावी म्हणून. तिनं तो उंचवटा हलता केला. अरबी चालू असली की वर, इंग्रजी झाली की आत. डोळ्यांना विचारायचं कामच नाही, बोटालाच कळतं. दुकानामागच्या खोलीत जुन्या कळफलकांची पोटं फाडून, घड्याळजीकडून आणलेल्या पातळ पट्ट्या कापून ती ते जमवत होती. वगदीला वाटायचं, काही दुरुस्ती चाललीय. मग एका सुट्टीच्या दुपारी तिनं त्याचे डोळे रुमालानं बांधले आणि त्याला टाइप करायला बसवलं. एकदा अरबी, एकदा इंग्रजी, मध्येच तिनं न सांगता बदललं. रुमाल सोडला तेव्हा पडद्यावर एकही अक्षर परक्या भाषेत गेलेलं नव्हतं.

"तू हे केलंस?" तो म्हणाला.

"मग काय जिन्नानं?"

शहराबाहेरच्या बुर्ज अल-अरब औद्योगिक वसाहतीतला एक कळफलक जोडणारा कारखाना ही कळ घ्यायला तयार झाला. अट एकच, पेटंट हवं. ते काम वगदीच्या भावाच्या इमारतीत राहणाऱ्या वकिलाकडे, मेत्र लबीबकडे दिलं. तिथं वकिलाला मेत्रच म्हणतात.


पोस्ट

त्याच आठवड्यात सिराग नावाच्या कुणीतरी गटात लिहिलं: "उस्ताज, दुसऱ्यांच्या पेटंटवर बोलणं सोपं. आपण अलेक्झांड्रियावाल्यांनी गाडीवरच्या लिव्हरच्या सँडविचपलीकडे शोध काय लावलाय? की तेही चोरलेलंच?"

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात कहवाखान्यातलीही नावं होती. शौकीचंसुद्धा.

वगदीची कानशिलं तापली. इनास दुकानात होती, आणि नमुन्यांपैकी एक घरी जेवणाच्या टेबलावर. त्यानं फोन साखरेच्या डब्याला टेकवून व्हिडिओ चालू केला, कळ उपटली, पट्टी दाखवली, पट्टी कुठं सरकते ते दाखवलं. इनासनं त्याला जसं समजावलं होतं तसंच त्यानं जगाला समजावलं, तिच्याच शब्दांत, अगदी "बोटालाच कळतं" हेसुद्धा. खाली लिहिलं:

"हा घ्या शोध. मुहर्रम बेमधल्या एका साध्या घरात, माझ्या हातांनी. आता तारीख साक्षीला आहे. हिंमत असेल त्यानं चोरून दाखवावं."

आधी त्यानं 'आमच्या हातांनी' लिहिलं होतं. मग वाचून पाहिलं. 'आमच्या'मध्ये जोर येत नव्हता.

"हात सलामत राहोत, उस्ताज!"

"अलेक्झांड्रियाची मान उंच केलीत."

"सिराग कुठं दडला? ये बाबा, सँडविच थंड होतंय."

इनासला त्यानं सांगितलं नाही. ती फेसबुक उघडतच नसे. दिवसभर लोकांचं लिहिलेलं टाइप करते, म्हणायची, घरी येऊन पुन्हा लोकांचं लिहिलेलं कोण वाचणार. वगदीनं ठरवलं, पेटंट झालं की सांगू, तेव्हा तीही हसेल.


लबीबचं ऑफिस

मेत्र लबीब जाडा, जॅकेटची बटणं कधीच न लागणारा माणूस. त्याचा एक ठरलेला विनोद होता. बराआ: अरबीत पेटंटलाही हाच शब्द, आणि आरोपी कोर्टातून निर्दोष सुटतो त्यालाही हाच.

"मी दोन्ही मिळवून देतो, मादाम इनास. माणसाची बराआ आणि शोधाची बराआ. आणि दोघांना पहिला प्रश्न एकच विचारतो: माझ्याकडे येण्याआधी काय करून आलात?"

इनास हसली. "मी काय करणार, मेत्र?"

"हे घराबाहेर कुणाला दाखवलंय? वर्गात, मासिकात, इंटरनेटवर?"

"नाही."

"उत्तम. दाखवलं असतं तर संपलं होतं."

"काय संपलं असतं?" वगदीनं विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"सगळंच. अर्जाआधी उघड झालेला शोध नवा राहत नाही. काही देश मालकाला वर्षभर माफी देतात. आपल्याकडे एखाद्या मान्यताप्राप्त प्रदर्शनात मांडला असेल तर थोडी सवलत, एवढंच."

"पण मालकानंच दाखवला असेल तर? तारीख असते ना. तारीख साक्षीला..."

"तारीखच गळा कापते, उस्ताज! दुसऱ्यानं काही शोधायची गरजच नाही. गुन्हेगारानं स्वतः दिवस, वेळ, नाव, सगळं लिहून ठेवलेलं असतं." लबीबला त्यात मजा वाटली. "लोकांना वाटतं, चारचौघांत टाकलं की आपलं झालं. खरं तर ते चारचौघांचं होतं. कोण शिकवतं यांना हे, देव जाणे."

इनास पुन्हा हसली आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "हे शिकवतात."

तिला वाटलं, ती चेष्टा करतेय. लबीब मोठ्यानं हसला. वगदीही हसला. ते हसू त्याच्या तोंडावर राहून गेलं आणि काढायचं कसं ते त्याला कळेना. रविवारी लबीब कागद घेऊन कैरोच्या पेटंट कचेरीत जाणार होता.


मत तिसरं:

नाही.


जिना

लबीबच्या इमारतीच्या जिन्यात, इनास पुढं उतरत असताना, त्यानं पोस्ट पुसली. खाली येईपर्यंत त्याला थोडं बरं वाटत होतं. मग ट्राममध्ये त्यानं सहज शोधून पाहिलं. त्याचा व्हिडिओ दुसऱ्या एका गटात होता. आणखी एका पानावर होता, वर मथळा: 'अलेक्झांड्रियाच्या कारकुनाचा चमत्कार.' सिरागनंही तो वगदीच्या मजकुरासकट आपल्या पानावर टाकला होता, शब्द मागे घेतो म्हणून.

कैरोत बसलेला माणूस फेसबुक कशाला बघेल?
बघेल.
नाही बघितलं, तर कारखान्याचा वकील बघेल.
त्यानंही नाही बघितलं, तर?
तर इनास एका खोट्या 'नाही'वर सही करेल, आणि ते खोटं आहे हे तिला माहीतच नसेल.

शेजारी बसलेल्या इनासनं विचारलं, "पोट बिघडलंय का तुझं? पिवळा पडलायस."

"उकडतंय," तो म्हणाला. खिडकीतून समुद्राचा गार वारा येत होता.


जेवण

"नाव पूर्ण घालायचं ना रे?" इनास मसूर वाढत म्हणाली. "वडिलांचं, आजोबांचं? इनास फौझी अब्दुस्समीअ. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं टाइप केली. त्यांचं स्वतःचं कुठंच छापून आलं नाही, दुकानाच्या पाटीवरसुद्धा नाही. आता सरकारी कागदावर येईल."

वगदीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला.

"इनास. लबीबला तू नाही म्हणालीस ना. घराबाहेर कुणी पाहिलं का, त्याला."

"हं."

"ते खरं नाही."

"मी खोटं बोलले?"

"तुला माहीत नव्हतं."

त्यानं फोनवर सिरागचं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. आपलं जेवणाचं टेबल ओळखलं. मग खालचं वाचलं, आणि मग लोकांचं, एकेक, प्रबंध तपासावा तसं. मसुरावर साय धरली.

"म्हणजे कारखाना गेला," ती म्हणाली.

"मला वाटलं, मांडलं की ते आपलं होतं. देवाशपथ इनास, मी वर्षानुवर्षं लोकांना हेच..."

"ते कळलं. कायदा तुला माहीत नव्हता. पुष्कळांना नसतो." तिनं पडद्यावर एका शब्दावर बोट ठेवलं. "हा? 'माझ्या.' हा तर माहीत होता ना?"

ती थांबली होती. खरंच थांबली होती, उत्तरासाठी.

"'आमच्या'त जोर येत नव्हता," तो अखेर म्हणाला.

तिनं मान हलवली, जणू एखाद्या मुलानं आपल्या प्रबंधातली चूक कुठून उतरवली ते कबूल केलं असावं. मग ताटं उचलली.

लबीबला फोनही तिनंच लावला. व्हिडिओचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मादाम, मी आता हे कैरोला नेऊ शकत नाही. नेलं तर तुम्हालाच खोटं बोलायला लावल्यासारखं होईल." विनोद केला नाही.


दुरुस्ती

त्या आठवड्यात वगदीनं गटात लिहिलं:

"तो शोध माझा नाही. माझी बायको इनास फौझी अब्दुस्समीअ हिचा आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी खोटं लिहिलं. चारचौघांत मांडलं की ते तुमचं होतं हे माझं मतही चूक होतं. त्यामुळे तिचं पेटंट गेलं. कुणी माझं ऐकून काही टाकलं असेल, तर मला माफ करा."

त्याला शिव्या हव्या होत्या. तो वाट बघत बसला.

"असा नवरा प्रत्येकीला मिळो."

"मोठेपणा बघा! शोध बायकोच्या पदरात टाकला."

"विनय पुरे, उस्ताज. हात तर तुमचेच दिसत होते."

त्यानं पुन्हा लिहिलं: "विनय नाही. खरंच मी काही केलं नाही." त्यावर लाल हृदयं आणखी वाढली. माफी कुणी वाचलीच नव्हती.

कहवाखान्यात शौकीनं उठून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "बायकोच्या नावावर करून टाकलंस! मर्द आहेस."

"शौकी, मी तिच्या नावावर केलं नाही. ते तिचंच होतं. मी चोरलं."

"ऐका! ऐका!" शौकी चारही टेबलांकडं वळला. "असं बोलायला काळीज लागतं. उस्ताजचा चहा आज माझ्याकडून!"

सगळ्यांनी पेले वर केले. वगदी पुदिन्याचा चहा तसाच ठेवून बाहेर पडला आणि ट्राम न पकडता कॅम्प शेझारपर्यंत चालत गेला.

दुकानात इनास टाइप करत होती. समोरच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो बसला. एक मुलगी प्रबंधाची पानं घेऊन निघाली होती. दारातून वळून म्हणाली, "मादाम, नशीब काढलंत हं. माझ्या आईनं तुमच्या साहेबांची पोस्ट वाचून दाखवली घरात सगळ्यांना."

"तुझ्या आईला सलाम सांग," इनास म्हणाली. मुलगी गेल्यावरही इनासची बोटं थांबली नाहीत.

"सकाळपासून लोक माझं अभिनंदन करतायत," ती म्हणाली.

"कळेबद्दल?" वगदीनं विचारलं. आशेनं विचारलं, आणि त्या आशेचीच त्याला लाज वाटली.

"तुझ्याबद्दल."

आणखी एक मुलगी आत आली, पिशवी छातीशी धरून उभी राहिली. तिनं वगदीला ओळखलं, चेहरा फुलला. तो उठू लागला तशी म्हणाली, "नको नको, बसा ना उस्ताज, मी राहते उभी."

"नाही," इनास पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तू बस, बाळ. ते उभे राहतील."