पडलेल्या दाताची सही

मित्रांनो, मी एक जुने कातण आहे आणि माझा एक दात पडलेला आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझी सगळी गोष्ट त्या दाताचीच आहे. दिवाळीत करंजी भरली की तिची जास्तीची कडा कापायला दातेरी चाकाचे छोटे पितळी हत्यार लागते ना, तेच मी. एरवी वर्षभर मला कोणी विचारत नाही.

माझा जन्म कसब्यातल्या तांबट आळीत झाला. कारागिराने कानशीने घासून माझ्या चाकाला चोवीस दात पाडले. १९५७ च्या दिवाळीआधी सुहासिनीबाईंनी मला विकत घेतले आणि शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी आणले. फराळ करणे निराळे आणि फराळाची ताटली भरणे निराळे, असे त्या मानत. चिवडा वाटीत हवा, नाहीतर लाडवाला तिखट लागते. चकली मोडकी नको. आणि करंजी पाहुण्याच्या उजव्या हाताला, कातलेली कड त्याच्याकडे करून. मला त्याचा फार अभिमान वाटे, कारण ती कड माझी होती.

१९६१ साली पानशेत फुटले आणि नदी आमच्या बिऱ्हाडात शिरली. मी कितीतरी दिवस गाळात पडून होते. माझे चाक गंजलेल्या खिळ्याला घट्ट धरून बसले. सुहासिनीबाईंचे यजमान शरच्चंद्र यांचे मित्र दिगंबर खडकीच्या कारखान्यात फिटर होते. ते गाळ उपसायला आले आणि मला पाहून म्हणाले, "आणा इकडे, दोन मिनिटांचं काम आहे." चाक सुटले खरे, पण दोन मिनिटांच्या कामात माझा एक दात गेला. तो तरुण माणूस अगदी ओशाळला.

"असू द्या भावजी," सुहासिनीबाई म्हणाल्या. "घरात फिरणारं एवढंच उरलंय."

त्या दिवाळीपासून आमच्या प्रत्येक करंजीच्या नागमोडी कडेत एक जागा सपाट येऊ लागली. पाडव्याच्या सकाळी दिगंबरराव खडकीहून सायकलवर येत, करंजी उचलून कडेवरून बोट फिरवत आणि ती जागा सापडली की म्हणत, "ही माझी सही." मग दरवर्षी नवा टोमणा. "वहिनी, करंजी बोळकी झाली." "वहिनी, यंदा कवळी बसवा तिला." करंजी चांगली झाली आहे, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. टोमणा मारून चार करंज्या खात, हीच त्यांची पावती.

वर्षे गेली. मुलगा श्रीनिवास आणि सून नीरजा यांच्याबरोबर सुहासिनीबाई कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. शरच्चंद्रराव गेले. हळूहळू बाईंची दृष्टीही गेली. हाताने फक्त चाचपायचे, म्हणून हरवेल अशी वस्तू त्या लुगड्याच्या कनवटीला खोचून ठेवू लागल्या. दिवाळीत मीही तिथेच असे.

१९९४ च्या दिवाळीत त्यांनी नीरजाकडे हट्ट धरला. "पाडव्याला भावजी येतील. करंज्या माझ्याच हातच्या हव्यात. तू लाटून दे, मी भरून कातते." बाईंचा हात थरथरत होता. मी दाबलेल्या कडेच्या आत घुसत होते, चाकाखाली खोबरे लागत होते. मला बोलता येत असते, तर मी त्यांना तिथेच थांबवले असते.

कढईत करंज्या फुटल्या, सारण जळून काळे झाले. "फुटली नाही ना गं एखादी?" बाईंनी विचारले. नीरजा बँकेतून थकून आली होती. तिने क्षणभर कढईकडे पाहिले आणि म्हणाली, "नाही आई. छान झाल्यात." फुटक्या करंज्या तिने एका डब्यात भरून मागे सारल्या आणि दुकानातून गुपचूप विकतच्या आणल्या. मी तिला दोष देत नाही. म्हाताऱ्या जिवाला लागू नये, एवढेच तिच्या मनात होते.

पाडव्याला दिगंबरराव आले. ताटली बाईंच्या पद्धतीने भरलेली होती. त्यांनी करंजी उचलली, कडेवरून बोट फिरवले. पुन्हा एकदा फिरवले. मग सावकाश म्हणाले, "छान झाल्यात वहिनी. अगदी छान."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच टोमणा आला नव्हता. बाईंचा हात कनवटीकडे गेला आणि त्यांनी मला घट्ट धरले. दुसऱ्या हाताने एक करंजी मागून घेतली. अंगठा कडेवरून फिरला. सगळे दात सारखे होते. नीरजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला होता. आता बाई सर्वांदेखत काय बोलतात, या भीतीने माझेही चाक जड झाले.

"नीरजा," त्या शांतपणे म्हणाल्या, "डब्यात मागे ठेवल्या असतील त्या आण गं. भावजींना त्या आवडतात."

"आई, त्या फुटल्यात."

"फुटल्या असतील. माझ्याच आहेत ना?"

नीरजाने डबा आणला. दिगंबररावांनी काळवंडलेली, अर्धी रिकामी करंजी उचलली. बोट फिरत फिरत सपाट जागेवर थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "सारण काय शेजाऱ्यांकडे पाठवलंत?"

सुहासिनीबाई हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. दिगंबररावांनी त्या दिवशी पाच करंज्या खाल्ल्या. पाहुणे गेल्यावर नीरजा सासूजवळ बसली आणि म्हणाली, "चुकले मी." बाईंनी मला तिच्या हातात दिले.

पुढच्या दिवाळीपासून नीरजा दाबलेल्या कडेवर आपले बोट धरी आणि बाई त्या बोटाला लागून मला फिरवत. एकही करंजी फुटली नाही असे मी म्हणणार नाही. पण फुटलेलीही ताटलीतच येई. अशा सहा दिवाळ्या झाल्या. आता बाई नाहीत, दिगंबररावही नाहीत.

मित्रांनो, मला चिंचेने घासून लख्ख ठेवा, असे मी मागणार नाही. मात्र तुमच्या घरी कापऱ्या हातांनी कोणी काही केले, तर ते मागच्या डब्यात लपवू नका. ताटलीत ठेवा, पाहुण्याच्या उजव्या हाताला.

गेल्या पाडव्याला सोसायटीतल्या नव्या शेजारीण विजयमाला फराळाला आल्या. करंजी निरखून म्हणाल्या, "इथे कातताना चुकलं वाटतं."

"चुकलं नाही," नीरजा म्हणाली. "सही आहे ती आमच्याकडची."