जवळचं वाचायचं कार्ड

"आता त्याच्या खालची ओळ, सिस्टर. घाई नको."

चष्मेवाल्यानं तपासणीच्या जड फ्रेममधली काच बदलली. खुर्चीत बसलेल्या बाईंची सगळी नोकरी इस्पितळात गेली होती. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. हातातल्या कार्डावरची इंग्रजी ओळ त्या सावकाश वाचू लागल्या. काउंटरमागे चष्मेवाल्याची बायको एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. तिचे हात थांबले. ओळ तिची होती.

कार्डावरची सगळी कविताच तिची होती. कुठल्याशा इंग्रजी मासिकात ती छापून आली, एका गिऱ्हाइकानं मासिक दुकानात आणून दाखवलं आणि नवऱ्याच्या कौतुकाला पूर आला. जवळचं वाचायला देतात ते जुनं कार्ड पिवळं पडलंच होतं. त्यानं बायकोला पत्ता लागू न देता नवं छापून आणलं. वरची ओळ ठसठशीत, मग अक्षर बारीक होत होत शेवटच्या ओळी मुंगीएवढ्या. "अख्खं गाव तुझी कविता वाचणार बघ!" असं म्हणून त्यानं ते तिच्या हातात ठेवलं तेव्हा तिची नजर आधी तळाच्या ओळींवर गेली. इंग्रजी अक्षरं त्याला एकूण एक ओळखू यायची, त्यांच्यावरच त्याचं पोट होतं. वाक्य समोर आलं की मात्र तो हात टेकायचा.

म्हणून तर ती इंग्रजीत लिहायची. नवी नवरी असताना तिनं चार ओळी घरच्या भाषेत लिहिल्या होत्या. सासूबाईंनी त्या पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचल्या, नणंदेनं नकला केल्या आणि "आमच्या सूनबाईंना दुःख आहे म्हणे!" हे वाक्य घराला पुढं वर्षभर पुरलं. तेव्हापासून घरच्या भाषेत ती सून होती, वहिनी होती, नुसती 'अगं' होती. इंग्रजी शाळेपुरतं शिकलेलं, शब्दकोशाचा टेकू लावून उभं केलेलं. पण तिथं कुणी न विचारता आत येत नव्हतं. तिथं ती एकटी होती आणि तिच्याजवळ तिची लहानपणीच गेलेली मुलगी होती. घरात त्या मुलीचं नाव कुणी काढत नसे. फोटोसुद्धा नवऱ्यानं भिंतीवरून उतरवून ठेवला होता.

ते कार्ड काढा, असं म्हणायला तिनं कितीदा तरी तोंड उघडलं. पण का काढू, असं त्यानं विचारलं तर? नशिबानं वरच्या ओळी साध्या होत्या. स्वयंपाकघर, दिवा, मांडीवरचं मूल. बहुतेकांची मजल तिथवरच जायची. ज्यांना खालचं दिसे ते अक्षरं लावण्याच्या नादात अर्थाच्या वाटेला जात नसत.

"आता?" नवऱ्यानं आणखी एक काच चढवली.

"आता लख्ख दिसतंय." सिस्टर तळापर्यंत वाचत गेल्या. शेवटच्या ओळींना त्यांचा आवाज बसला, मग नुसतेच ओठ हलले.

"नाही ना दिसत? थांबा, पॉवर वाढवतो."

"दिसतंय हो." त्यांनी ती फ्रेम स्वतःच उतरवली. "कुणाच्या लेकराचं आहे हे? डोळ्याच्या बाहुलीत पांढरं चमकत होतं म्हणतेय."

नवरा काच खणात ठेवता ठेवता थांबला, मग हसला. "हिचं आहे सगळं. कविता करते ना ती! इंग्रजीत!"

सिस्टरनी काउंटरकडे पाहिलं. बायकोनं मान वर केली नाही, तेवढ्यावरून त्या समजल्या. "चष्म्याचं उद्या बघू," म्हणत त्यांनी पर्स उचलली आणि जाताना तिच्या हातावर आपला हात क्षणभर ठेवला.

काचेचं दार मिटलं. नवरा कार्ड घेऊन उभा होता.

"काय लिहिलंयस गं यात?"

"काही नाही. असंच."

"असंच वाचून सिस्टरचा चेहरा एवढा उतरला? खरं सांग."

तिला वाटलं होतं, घरच्या भाषेत हे आपल्या तोंडून निघणार नाही. पण शब्द भराभरा आले.

"तिच्या डोळ्यात पांढरं चमकतंय, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ट्यूबलाइटचं आहे ते. मी परत सांगितलं, तुम्ही परत तेच म्हणालात. गावाचे डोळे तपासणाऱ्याला घरचा डोळा दिसला नाही. हे लिहिलंय."

आता तो ओरडेल, कार्ड फाडेल, म्हणून तिनं मन घट्ट केलं. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला.

"दिसला होता," तो म्हणाला.

"काय?"

"तू सांगायच्या आधीच. इथंच खेळत होती. मी गमतीत तिच्या डोळ्यात टॉर्च मारला. तेव्हाच दिसलं. काय असतं ते मला ठाऊक होतं. कॅन्सर. डोळा काढतात." तो जमिनीकडे बघत होता. "धीर नाही झाला गं. वाटलं, अजून चार दिवस जाऊ दे. तोवर मेंदूपर्यंत गेलं."

इतकी वर्षं ती त्याला आंधळा समजत आली होती. आंधळ्याचा राग येतो, कीवही येते, आणि त्या दोहोंवर तिनं दिवस काढले होते, कविता लिहिल्या होत्या. त्या सगळ्या खोट्या ठरल्या. आता कळलं ते लिहायला तिच्या इंग्रजीत शब्द नव्हता. घरच्या भाषेत लिहावं, तर त्या भाषेत ते त्याच्याच आवाजात ऐकू येत होतं. 

दार ढकलून एक बाई लहान मुलीला घेऊन आत आली. "हिला फळ्यावरचं दिसत नाही म्हणे. बघता का जरा?"

नवरा खुर्चीतून उठेना. मग बायकोनंच मुलीला स्टुलावर बसवलं, तिची हनुवटी वर केली आणि टॉर्च लावून आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा. दोन्ही बाहुल्या काळ्याभोर होत्या. तिनं तरी पुन्हा एकदा पाहिलं.